अमरावतीचा योगेश

प्रिय आलोक,

हे पत्र तुझ्या घरच्या पत्त्यावर पाठवते आहे. ऑफिसात तुझी पाकिटं आधी दुसरेच फोडतात आणि हे दुसऱ्या कुणी वाचायचं नाही. फोनवर सांगून पाहिलं, पण फोनवर तू नुसता हां ताई, हां ताई करत राहतोस आणि मधेच कुणाला तरी फाइल आणायला पिटाळतोस. कागद कसा, समोर पडला की गुमान वाचावा लागतो.

मागच्या आठवड्यात तू मला पेपरातलं ते कात्रण पाठवलंस. हमराही योजनेचे शिल्पकार म्हणून तुझा फोटो, मागे भोपाळचं तुझं ऑफिस, आणि खाली तुझा प्रश्न, ताई, कैसा लगा. मी अंगठा पाठवला. आईला फोटो दाखवला तर तिनं चष्मा लावून पाहिलं आणि म्हणाली, किती वाळला गं. तर तो अंगठा खोटा होता, आलोक. खरं उत्तर आज देते. मला किळस आली. राग आला असं मुद्दामच लिहीत नाही, कारण राग आलेल्या माणसाला तू समजावून सांगशील, तुला ते छान जमतं. भाजीत झुरळ निघाल्यावर बाकीची भाजी किती चांगली झाली आहे हे कुणी कितीही समजावलं तरी घास उतरत नाही, तसं माझं झालं आहे.

तू म्हणशील, ताईला योजनेतलं काय कळतं. बाबा रे, योजना तू लिहिलीस, पण चालते ती माझ्या पायांवर. तुझ्या भावजींनी, अच्युतरावांनी रेल्वेची नोकरी सोडल्यावर मी इथं जबलपुरातच गोहलपूरच्या त्या ट्रेनिंग सेंटरात कॉन्ट्रॅक्टवर लागले. मी तुझी बहीण हे तिथं कुणाला माहीत नाही, आडनाव वेगळं असल्याचा तेवढा फायदा. अनाथाश्रमातून, सुधारगृहातून अठरा वर्षांची होऊन बाहेर पडलेली पोरं, वस्त्यांतल्या शाळा सुटलेल्या पोरी, यांना आमच्याकडे काही महिने शिकवतात आणि कुठंतरी कामाला लावतात. लागल्यावर मी त्यांच्या दुकानांत, कारखान्यांत जाऊन ती टिकून आहेत का ते बघते आणि दर महिन्याला तुमच्या अॅपवर त्यांचा फोटो चढवते. वंचित युवकांना मुख्य प्रवाहात आणायचं, असं तू भाषणात म्हणतोस. मला त्या प्रवाहाच्या काठावर मोबाइल घेऊन उभं केलं आहे.

आज गोष्ट एकाच पोराची आहे. योगेश त्याचं नाव, वय वीस. त्याला या जबलपुरात चारचौघांसारखं राहता येईल की नाही, एवढाच माझा प्रश्न आहे. तुझी बाकीची योजना तिकडे सोन्याची होवो.

योगेश पंधरा वर्षांचा असताना मोठ्या पोरांच्या नादानं एक मोबाइलचं दुकान फोडण्यात सापडला. आई आधीच गेलेली, बापाचा पत्ता नाही. सुधारगृहात राहिला, बाहेर आला आणि फिरत फिरत आमच्याकडे पोचला. कपड्याच्या दुकानात माल कसा उलगडायचा, घडी कशी घालायची, गिऱ्हाइकाशी कसं बोलायचं हे शिकला. बोलायला गोड पोरगा. बाई आली की दीदी, म्हातारी आली की अम्माजी, आणि कुठलीही ओढणी स्वतःच्या खांद्यावर टाकून दाखवायला लाजत नसे. कमानिया गेटच्या आतल्या एका मोठ्या दुकानात मी त्याला लावला. लागायच्या आदल्या दिवशी त्यानं माझ्याकडे एकच गोष्ट मागितली. मैडम, मैं कहाँ से आया हूँ, वहाँ मत बताइएगा. मी म्हटलं, नाही सांगणार. सेठजींना मी एवढंच सांगितलं की सेंटरचा मुलगा आहे, हुशार आहे. त्यांनीही जास्त विचारलं नाही. अच्छा, चलो, भेज दो, म्हणाले. माझ्या समजुतीप्रमाणे माझं आणि योगेशचं काम तिथंच झालं होतं.

मग तुझं जॅकेट आलं. पोपटी रंगाचं, पाठीवर हाताच्या पंजाएवढी अक्षरं, हमराही, अब मैं भी साथ हूँ. ते घालून, कामाच्या जागेवर, महिन्याच्या महिन्याला फोटो. पहिल्यांदा मी त्याला बाजूच्या गल्लीत नेलं, एका भिंतीपुढे उभं केलं, घाल पटकन आणि काढ पटकन म्हटलं. तुझ्या अॅपनं तो फोटो परत केला. दुकानाचा बोर्ड दिसला पाहिजे, पाठीवरची अक्षरं वाचता आली पाहिजेत आणि मान वळवून चेहराही दिसला पाहिजे, हसरा असल्यास उत्तम. हे हसरा मी पदरचं लिहीत नाही, तुमच्या सूचनांतच आहे. कोणत्या माणसाच्या डोक्यातून हे निघालं असेल याचा मी फार विचार केला. तुझ्या डोक्यातून निघालं असेल असं मला शेवटपर्यंत वाटलं नाही, पण खाली सही तुझी आहे.

तर भर दुपारी, बाजार वाहत असताना, त्या बोर्डाखाली योगेश जॅकेट घालून उभा राहिला आणि हसला. समोरचा पानवाला बघतोय, आतले सेल्समन काउंटर सोडून दाराशी आलेत. मी फोटो काढला, अॅपनं घेतला, हिरवी खूण आली. त्या सेल्समनपैकी एकानं पाठीवरचं नाव वाचून संध्याकाळपर्यंत मोबाइलवर शोधून काढलं की हमराही म्हणजे काय. तुझ्या वेबसाइटवर पात्रतेच्या रकान्यात पहिलंच लिहिलं आहे, सुधारगृहातून मुक्त झालेले युवक. दुसऱ्या दिवसापासून घरी जाताना योगेशचे खिसे चाचपायला लागले. फक्त त्याचेच. रूटीन है भैया, बुरा मत मानना. त्यानं बुरा मानला नाही. त्यानं मला सांगितलंसुद्धा नाही, पुढच्या फोटोला गेले तेव्हा मला कळलं.

मग एक दिवस सूटच्या कापडाचा गठ्ठा सापडेना. कुणीच आवाज चढवला नाही हं, मोठं सभ्य दुकान आहे. सेठजींनी योगेशला जवळ बोलावून एवढंच म्हटलं की बेटा, कल से मत आना. गठ्ठा नंतर शिंप्याकडे सापडला, त्यांच्याच माणसानं शिवायला दिला होता. मी तणतणत गेले. सेठजींनी मला चहा पाजला आणि म्हणाले, बहनजी, आपने पहले बताया होता तो हम रखते ही नहीं. बघ आता. त्यांचा राग माझ्यावर होता, मी त्यांना फसवलं म्हणून. आणि या सगळ्याला तुमच्या कागदांत काय म्हणतात माहीत आहे का? स्वेच्छेने कार्यत्याग. दुसरा पर्यायच नाही तुमच्या त्या यादीत.

कायद्यातच आहे म्हणे की अशा पोरांच्या मागच्या नोंदी पुढे कुणासमोर ठेवायच्या नाहीत. एका हातानं सरकार ते पुसतं आणि दुसऱ्या हातानं त्याच्या पाठीवर छापतं, आणि वर पोराला म्हणतं की हस. काहून रे? कुणाला दाखवायचं आहे हे? दिल्लीला? पेपरवाल्यांना? हे मी तुला फोनवर विचारलं तेव्हा तू म्हणालास, ताई, पारदर्शकता ठेवावी लागते, आणि दुकानदारांची मानसिकता बदलायला आपण कार्यशाळा घेऊन राहिलो आहोत.

हो, ती कार्यशाळा मी पाहिली ना. इथल्याच हॉटेलात झाली, तू आला होतास. दुकानदार, अधिकारी पुढे सोफ्यांवर आणि पोरं डाव्या बाजूला वेगळ्या खुर्च्यांवर, सगळी पोपटी. समावेशनावरच्या कार्यक्रमात त्यांना वेगळं बसवलं आहे हे त्या अख्ख्या हॉलमध्ये कुणाच्या ध्यानात आलं नाही. मग नेहाला माइकवर बोलावलं. आश्रमात वाढलेली, ब्यूटी पार्लरमध्ये लागलेली पोरगी. अँकरबाई तिला म्हणे, थोड़ा खुलकर बताइए, बचपन में कैसा लगता था. ती बिचारी बोलली आणि रडली. तेवढ्यात फोटोग्राफरला दिसलं की मागचं बॅनर एका बाजूनं सुटलं आहे. बॅनर बांधलं आणि नेहाला म्हणाले, तेवढं परत एकदा बोला. दुसऱ्यांदा तिला रडू येईना. तर ती बाई म्हणते, कोई बात नहीं, बस रूमाल आँख पर रख लीजिए. आलोक, तू मंचावर होतास. तू टाळ्या वाजवल्यास. त्यानंतर तिथल्या पनीरच्या जेवणाला न थांबता मी रिक्षा करून घरी आले. अच्युतरावांना वाटलं पित्त झालं.

आणि एवढ्यावर भागलं नाही. योगेशचा तो बोर्डाखालचा फोटो तुमच्या लोकांना फार आवडला. मान वळवलेली, हसरा चेहरा, छान उजेड. त्याला कामावरून काढल्यावर महिन्याभरात बसस्टँडसमोर त्याचंच होर्डिंग लागलं, आणि एका कोपऱ्यात गोल चौकटीत तू. नोकरी गेलेला पोरगा नोकरी लागल्याची जाहिरात झाला. जिथं काम मागायला जाई तिथं लोक म्हणत, अरे, तू वही पोस्टरवाला है ना. गोहलपुरात दोन पोरांसोबत खोली घेऊन राहत होता, तिथल्या मालकिणीनं भाचीचं लग्न आहे असं सांगून खोली सोडायला लावली. लग्नबिग्न काही नव्हतं. मी होर्डिंग उतरवायचा अर्ज केला तर उत्तर आलं की लाभार्थ्याने प्रशिक्षणाच्या पहिल्याच दिवशी संमती दिलेली आहे.

आता जे लिहिते ते आपल्या घरात आजवर कुणी लिहिलं नाही आणि बोललंही नाही. मी हे मोठ्या मुश्किलीनं लिहून राहिले आहे. तू आठवीत असताना पाच महिने अमरावतीला इंदिरामावशीकडे होतास, तब्येतीसाठी. असं आपल्या साऱ्या कांचघर मोहल्ल्याला माहीत आहे. तुझ्या दोस्त बंडूबरोबर बाबांच्या फॅक्टरीच्या स्टँडवरून तू ती स्कूटर काढलीस आणि तुम्ही दोघं तिचे पार्ट विकताना पकडले गेलात, हे फक्त आपल्या घराला माहीत आहे. तू आत गेलास त्याच संध्याकाळी बाबा शेजारी जाऊन स्वतःहून सांगून आले, आलोकला छातीचा त्रास आहे, हवापालटाला पाठवला. आयुष्यात कधी खोटं न बोललेला माणूस, घरी येऊन घटाघटा पाणी प्यायला. तू सुटून आलास तेव्हा आईनं तुला स्वयंपाकघरात बसवून पाठांतर करून घेतलं. मावशीचं घर कुठं, अंबादेवी किती लांब, शेजारी कोण, रोज काय खायचास. पाहुणा यायचा झाला की तुझी उजळणी व्हायची. मला हसू यायचं आणि आई मला चिमटा काढायची.

आणि विष्णुपंत मास्तर. ते दर रविवारी तिथं, आत सुधारगृहात, मुलांना शिकवायला जात, हे आपल्याला नंतर कळलं. त्यांनी तुला तिथं पाहिलं होतं, तूही त्यांना पाहिलं होतंस. तू परत वर्गात गेलास तो दिवस तूच मला सांगितला होतास. मास्तरांनी साऱ्या वर्गासमोर काय विचारलं? काय आलोकराव, अमरावतीचं ऊन सोसलं की नाही? बस्स. बाकीची पोरं हसली, तू जाग्यावर बसलास आणि धडा सुरू झाला. मास्तर गेले, पण कुणाजवळ बोलले नाहीत. तुला मुख्य प्रवाहात कुणी आणलं हे तुझ्या खात्याला माहीत नसेल, मला माहीत आहे. एका फॅक्टरी कामगारानं मारलेल्या थापेनं आणि एका मास्तरानं गिळलेल्या शब्दानं तू आला आहेस. तुझ्या पाठीवर कुणी काही छापलं नव्हतं. म्हणूनच मला तुझी जास्त किळस आली. दुसऱ्या कुणी हे जॅकेट शिवलं असतं तर मी म्हटलं असतं, बिचाऱ्याला काय माहीत.

घाबरू नकोस. हे मी कुणाला सांगणार नाही, तू जॅकेट बंद केलंस तरी नाही आणि नाही केलंस तरी नाही. तशी सौदेबाजी मी केली तर माझ्यात आणि त्या होर्डिंगमध्ये फरक तो काय राहिला? बाबांनी बंद केलेली मूठ मी उघडणारी कोण?

तर योगेश आता आपल्या घरी आहे. खोली गेल्यावर दोन दिवस स्टेशनवर झोपला, हे कळल्यावर मी त्याला उचलून आणला. अच्युतराव आधी कुरकुरले, मग त्यांनीच त्याला स्वतःचा स्वेटर दिला. शेजारीपाजारी विचारायला लागले, हा कोण. मी काही बोलायच्या आत आई ओसरीवरून म्हणाली, आमच्या इंदिरेचा नातू, अमरावतीचा. मावशीला मूलबाळ नव्हतं हे विसरली की काय ही? नंतर विचारलं तर म्हणते, एकदा चाललंय ना, मग आताही चालेल, नवीन गाव कशाला शोधत बसायचं. पण घोळ झालाच. शेजारच्या शर्मिलाकाकूंनी पोराला विचारलं, काय रे, कवा आला, आणि हा म्हणतो, जी, परसों. अमरावतीचा आणि मराठी बोलत नाही? मग आईनं दुसरी थाप जोडली, बाप रेल्वेत, सारं बालपण बिलासपुरात गेलं, समजते पण बोलता येत नाही. ते मात्र सगळ्यांना पटलं, कारण आपल्या कॉलनीत कुणाच्या नातवंडांना धड बोलता येतं? आता रोज आई त्याला समोर बसवून शिकवते. अंबादेवी किती लांब, शेजारी कोण, रोज काय खायचास. आवाजसुद्धा तोच. मी भाजी चिरता चिरता ऐकते आणि तिथून उठून जाते.

त्यानं दाढी वाढवली आहे, केस बारीक केले आहेत. कांचघरातल्याच एका छापखान्यात अच्युतरावांनी शब्द टाकला, आमचा भाचा आहे म्हणून. मालक म्हणाले, घर का लड़का है तो पूछना क्या. लागून तीन आठवडे झाले. पहिल्या आठवड्यात घरी येताना दारातच दोन्ही खिसे उलटे करून दाखवायचा, इतकी सवय लागली होती त्याला. आई ओरडली तेव्हा बंद झालं. परवा कामावरून येताना आईसाठी बोरं घेऊन आला आणि म्हणाला, आजी, खाऊन राहा. सगळे इतके हसलो. आई म्हणाली, बरोबर बोलला तो, तुम्हाला काय कळतं.

सेंटर मी सोडलं. माझ्या जागी आलेली पोरगी योगेशला शोधून राहिली आहे, अजून काही फोटो बाकी आहेत म्हणे.

आणि आता हे पत्र काहून लिहिलं ते. तू आईला कळवलंस की येत्या रविवारी दौऱ्यावर येतो आहेस, दुपारी घरी जेवायला येशील, सोबत इथले दोघं-तिघं अधिकारी आणि तुमचा फोटोग्राफर असेल, सांबारवडी कर. आईनं वड्यांसाठी हिरव्या कोवळ्या सांबाराची जुडी भाजीवाल्याला आतापासूनच सांगून ठेवली आहे. आलोक, दार तो उघडेल. मी त्याला त्या दिवशी कुठंतरी धाडू शकले असते, पण आई म्हणते, घरच्या माणसानं पाहुणे आल्यावर घरातून काहून जावं, आणि मला ते पटलं. तू त्याला ओळखशील, दाढीतही ओळखशील, तो फोटो तूच निवडला आहेस. त्यानंही तुला होर्डिंगवर पाहिलं आहे, तो कालपासून नीट जेवत नाही. त्या हॉटेलात तू मंचावरून मला पाहून न पाहिल्यासारखं केलंस, माझ्या नोकरीसाठी, मीच तसं सांगितलं होतं म्हणून. तुला जमतं ते. रविवारी एकदाच परत जमव. चपला काढताना, तुझी माणसं ऐकत असताना, त्याच्या पाठीवर हात ठेव आणि विचार, काय रे योगेश, इंदिरामावशी कशी आहे? मावशी जाऊन कितीक वर्षं झाली, तूच तर तिच्या तेराव्याला गेला होतास. तरी विचार. तो म्हणेल, बरी आहे.

तुझीच,
ताई